तत्त्वज्ञानाला आठ जण

अंजनाताई पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो होतो. शहाऐंशी सालचा जून, उल्हासनगरचं कॉलेज, एफ. वाय. बी. ए.चा वर्ग. आम्ही बारावी करून नुकती आलेली पोरं-पोरी, आणि दारातून हिरव्या काठाची साडी नेसलेली, खांद्याला पर्स लावलेली बाई आत आली. मॅडमच त्या, दुसरं कोण? आम्हाला उभं राहिलेलं बघून ती गडबडली. मागे कोण आलंय म्हणून तिनं वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली.

"बसा बाबांनो, बसा," म्हणाली. "मीपण शिकायलाच आलेय."

आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. मी अंबरनाथ पश्चिमेची, ती पूर्वेची. कॉलेजला जायची बस एकच.

अंजना सुदाम रोकडे. दहावी झाल्यावर लगेच लग्न झालं, मग उमा झाली. उमा शाळेत जायला लागल्यावर हिनं बाहेरून बारावी केली आणि पास झाल्याच्या पेढ्यांबरोबरच घरात जाहीर केलं की आता बी. ए. करणार. नवरा सुदाम अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत होता, तिन्ही पाळ्या करायचा. तो म्हणाला, "कर की." सासू गंगूबाई म्हणाली, "सकाळचं मी बघते. पण रोज आल्यावर मला सांगायचं, काय शिकवलं ते." सासूला ती आत्या म्हणायची. गंगूबाईनं सगळं आयुष्य काड्यापेटीच्या कारखान्यात पेट्या भरण्यात घालवलं होतं. शाळेची पायरी काही तिला चढायला मिळाली नव्हती, त्यामुळे ही अट तिनं अगदी मनापासून घातली होती.

अंजनाताईला इतिहास घ्यायचा होता. पण ती प्रवेशाला पोचली तोवर इतिहासाच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "तत्त्वज्ञान घ्या. तिथं काय, जागाच जागा."

तत्त्वज्ञान शिकवायला श्यामकांत सर होते. कल्याणहून यायचे. किडकिडीत, लाजाळू माणूस, बोलताना मुलांकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर हात ठेवला आणि खिडकीकडे बघत विचारलं, "इथं टेबल आहे. कशावरून?"

वर्गात हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, आपटून बघा." सर म्हणाले, "आपटलं. हाताला लागलं. पण लागलं ते हाताला. टेबल आहे हे कशावरून?"

अंजनाताई हसली नाही. बसमधून माझ्या थांब्यावर मी उतरायला लागले तेव्हा म्हणाली, "सरू, लहानपणी विहारात आमचे दादा मला सांगायचे, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पारखून घ्यायचं. मला वाटायचं, ते मोठ्या मोठ्या गोष्टींबद्दल असेल. टेबलाबद्दल पण असतं हे माहीतच नव्हतं." दादा म्हणजे तिचे वडील, भीमराव. तिच्या तोंडावर असा आनंद होता की जणू हरवलेलं माणूस बाजारात अचानक भेटावं.

ठरल्याप्रमाणे त्या दुपारी तिनं सासूला टेबल सांगितलं. घरात टेबल नव्हतं, म्हणून पाण्याचं पिंप घेतलं. गंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं, पिंपाला दोनदा टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "माणूस हुशार दिसतोय तुमचा सर. लग्न झालंय का?" पण 'कशावरून' हा शब्द तिला फार आवडला. दुसऱ्या दिवसापासून भाजीवाला "मावशी, ताजी आहे" म्हणाला की ही कमरेवर हात ठेवून विचारायची, "कशावरून?" भाजीवाला बिचारा मेथीची जुडी सोडून दाखवायचा. शेजारीण म्हणाली, समोरच्यांच्या सुनेला दिवस गेलेत म्हणे, गंगूबाई लगेच, "कशावरून?" सगळी चाळ वर्षभर हैराण झाली, आणि सगळी चाळ वर्षभर हसली.

वर्ष असं मजेत गेलं. शेवटच्या तासाला सरांनी फळा पुसला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी हा विषय बहुधा आपल्या कॉलेजात नसेल. दुसऱ्या वर्षाला मुलं अर्थशास्त्राकडे जातात, ते साहजिकच आहे. मलाही दुसऱ्या कॉलेजात पाठवतील. तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा."

तक्रार म्हणून नाही, उद्या सुट्टी आहे असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आम्ही वह्या मिटायला लागलो. अंजनाताई उभी राहिली.

"सर, किती जण लागतात?"

"अं? आठ. निदान आठ."

"मग आठ आणू."

सर पहिल्यांदाच खिडकी सोडून आमच्याकडे बघायला लागले. "कुठून?" त्यांनी विचारलं.

ते तिलाही माहीत नव्हतं. पण ती तशीच प्राचार्यांकडे गेली आणि प्रवेश बंद होईपर्यंतची मुदत घेऊन आली. मला तिनं विचारलंसुद्धा नाही. मला घरून अर्थशास्त्र घ्यायला सांगितलं होतं. बसमध्ये ती म्हणाली, "आपण दोघी झालो, आता सहा," आणि माझं तत्त्वज्ञान ठरलं. मला वाईट वाटलं नाही. मनातून मला तेच हवं होतं.

अख्खा मे महिना अंजनाताई आणि गंगूबाई माणसं जमवत उन्हातान्हाची हिंडत होत्या. कधी मी बरोबर असायचे. उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीतल्या, आमच्याच वर्गातल्या तिघी मैत्रिणी सगळ्यात सोप्या गेल्या. जिथं एक तिथं तिघी, त्यामुळे एकीला पटलं की काम झालं. एकीला पटवायला गंगूबाईला बर्फाचा गोळा पुरला. झालो पाच.

मग महिपती. हा जांभूळ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. सकाळी सायकलवरून भाजी आणून उल्हासनगरच्या बाजारात टाकायचा आणि तसाच कॉलेजला यायचा. वर्गात सरांशी वाद घालणारा तो एकटाच. पण त्याचे वडील दौलतराव म्हणाले होते, अर्थशास्त्र घे, बँकेत लागशील. आम्ही तिघी जांभूळला गेलो तेव्हा दौलतराव अंगणात वेलासाठी मांडव बांधत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, ताक दिलं, आणि मग विचारलं, "तत्त्वज्ञान म्हंजे कीर्तनात सांगतान तेच ना? ते तं आमी फुकट आयकतो."

अंजनाताई म्हणाली, "कीर्तनात बुवा सांगतात आणि आपण मान डोलवतो, काका. इथं मान डोलवायच्या आधी विचारायचं असतं, कशावरून?"

दौलतरावांचे हात सुतळीवर थांबले. "बुवाला इचारायचा?"

"बुवाला, सरपंचाला, तलाठ्याला. कुणालाही."

"तलाठ्याला?" दौलतरावांनी मुलाकडे पाहिलं. "आनि ह्ये कालेजात शिकवतान?"

"शिकवतात," गंगूबाई मध्येच बोलली. "सर चांगला आहे. लग्न तेवढं राहिलंय."

दौलतराव मांडवाखाली बसून खूप वेळ हसले. मग महिपतीला म्हणाले, "घे रं ते. बँकेत मागनं लागशील." निघताना त्यांनी आमच्या पिशव्या भेंडीनं भरून दिल्या. झालो सहा.

सातवी पोपटी. कॅम्प तीनमध्ये तिच्या वडिलांचं, ईश्वरदासांचं, जीन्सला लागणाऱ्या चेन, बटणं आणि बकलांचं दुकान होतं. घर दुकानाच्या मागेच. पोपटी वर्गात तोंड उघडायची नाही, पण सरांचा तास एकदाही चुकवायची नाही. आम्ही गेलो तर तिची आई "अचो, अचो" करत पुढे आली, आम्हाला पलंगावर बसवलं आणि सिंधी रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी ठेवलं. ईश्वरदास दुकानातून उठून आले. माणूस प्रेमळ, पण हिशेबी.

"बहेनजी, फिलॉसफी पढके लडकी करेगी क्या? इसकी तो शादी की बात चल रही है."

अंजनाताई काहीतरी नीट जुळवून बोलणार तेवढ्यात गंगूबाईनं तिचा हात दाबला आणि आपल्या हिंदीत सुरुवात केली.

"सेठ, शादी के बाद लडकी ससुराल जायेगी ना?"

"जायेगी."

"उधर सास बोलेगी, हमारे घर में ऐसा चलता है, वैसा नहीं चलता. बोलेगी ना?"

"बोलेगी."

"तब ये उसको पूछेगी, किसके ऊपर से?"

ईश्वरदास चक्रावले. "किसके ऊपर से क्या?"

पोपटीनं ओढणी तोंडात कोंबली होती, तरी तिचा आवाज फुटला. ती हसत हसत वडिलांना सिंधीत समजावून सांगायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली तिची आई ते ऐकून एकदम म्हणाली, "हमको तो किसी ने सिखाया ही नहीं! लेने दो इसको." ईश्वरदासांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मुलीकडे पाहिलं, आणि पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. म्हणाले, "पर सास आप जैसी मिली तो?"

"तो लडकी का नसीब," गंगूबाई म्हणाली. "ये मेरी बहू मेरेको पूछे बिना पानी नहीं पीती." हे धादांत खोटं होतं. अंजनाताईनं छताकडे बघितलं.

झालो सात, आणि तिथंच अडकलो. जून उजाडला, निकाल लागला, वर्गातली बाकीची मुलं अर्थशास्त्राच्या नाहीतर मराठीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आम्ही एकेकाला कँटीनमध्ये गाठलं, कोणी बधलं नाही. प्रवेशाचा एकच दिवस उरला तेव्हा अंजनाताई बसमध्ये रडली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "सातवर काय अडतं गं," म्हणत होती, "सात काय माणसं नाहीत का?"

त्या संध्याकाळी काय झालं ते तिनं मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मी तिथंच बसले होते असं मला आता वाटतं. सुदामभाऊ पहिली पाळी करून आले होते. चहा पीत होते. अंजनाताई तांदूळ निवडत बसली होती. गंगूबाई म्हणाली, "एका माणसावाचून अडलंय. तुझ्या ओळखीत कोण नाही का रे, एक वर्ष कॉलेज करून बसलेला?"

"मीच आहे," सुदामभाऊ म्हणाले.

हे घरात माहीत होतं. वडील गेले तेव्हा सुदामभाऊ एफ. वाय. पास झाले होते. घर चालवायला त्यांनी कंपनी धरली आणि तो विषय संपला. सात-आठ वर्षांत कोणी तो काढला नव्हता. त्यांनीही नाही.

अंजनाताईनं सूप खाली ठेवलं. "तुमचे विषय काय होते?"

"मराठी. राज्यशास्त्र." त्यांनी बशीत चहा ओतला. "आणि ते आपलं... हेच."

"हेच म्हणजे?"

"तत्त्वज्ञान. तो वर्ग फाटकाजवळ होता म्हणून घेतलेलं."

गंगूबाईनं कपाळावर हात मारला. "मी इथं जांभूळपर्यंत तंगडतोड केली, आणि घरात बसलाय हा!"

"मला कुणी विचारलं का?" सुदामभाऊ म्हणाले. अंजनाताई म्हणते, त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. बशी हलायला लागली, चहा मांडीवर सांडला, उमा टाळ्या पिटायला लागली.

कॉलेज सकाळचं, कंपनी तीन पाळ्यांची. दुसऱ्या दिवशी सुदामभाऊ आधी कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबरचा आनंदा वांगणीहून यायचा. रात्रपाळीनं त्याचं शेत आणि झोप दोन्ही बुडत होतं. "माझ्या सगळ्या नाईट तू घे, तुझे पाय धुऊन पाणी पितो," म्हणाला. सुपरवायझरला काय, माणूस उभा राहिल्याशी मतलब. तिथून सुदामभाऊ कॉलेजात आले. क्लार्क कुरकुरला, इतक्या वर्षांनी कसं काय, म्हणाला. पण नियमात बसत होतं. खिडकी बंद व्हायच्या आत आठवं नाव लागलं. अंजनाताईनं तिथंच, सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला.

श्यामकांत सर तेव्हा पेपर तपासायला मुंबईला गेले होते. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. पहिल्या तासाला ते रिकामा वर्ग बघायच्या तयारीनंच आले असावेत. हातात पुस्तकही नव्हतं. दारात थबकले. कॅम्प पाचच्या तिघी, महिपती, पोपटी, मी, अंजनाताई. आणि मागच्या बाकावर खाकी युनिफॉर्ममध्ये, बाहीवर निळ्या रंगाचे डाग असलेला एक माणूस.

सरांनी त्याला बघितलं आणि नम्रपणे म्हणाले, "पंखा हा नव्हे, तो पलीकडचा बिघडलाय."

सुदामभाऊ उभे राहिले. "सर, मी विद्यार्थी आहे. आठवा."

पुढची काही मिनिटं तास झालाच नाही. आम्ही हसत होतो, अंजनाताई डोळे पुसत हसत होती, आणि सर खुर्चीत बसून एकदा आमच्याकडे, एकदा पंख्याकडे बघत होते. मग ते उठले. खडू घेतला. फळ्यावर तारीख घातली. वळले तेव्हा म्हणाले, "सुरुवात करू या." त्या दिवशी ते संबंध तास आमच्याकडे बघून बोलले. आणि पलीकडचा पंखा सुदामभाऊंनी त्याच आठवड्यात दुरुस्त करून टाकला.

ती दोन वर्षं! बी. ए. मी एकदाच केलं, पण कोणी विचारलं तर अजून एकदा तस्संच करीन. रात्रपाळी करून आलेल्या सुदामभाऊंना दुसऱ्या तासाला हमखास डुलकी लागायची. सर म्हणायचे, झोपू द्या, हळू बोला. घरी गेल्यावर अंजनाताई भाकऱ्या थापताना सगळा तास पुन्हा सांगायची. ते ऐकायचे, गंगूबाई ऐकायची, आणि शंका गंगूबाईच्याच जास्त असायच्या. त्यातल्या निवडक शंका दुसऱ्या दिवशी सरांकडे यायच्या. "आत्या विचारतायत, आत्मा नसेल तर मग पस्तावतं कोण?" सर त्यावर पूर्ण तास घालवायचे.

हिवाळ्यात एकदा महिपतीनं सगळा वर्ग जांभूळला नेला. शेतात आंब्याखाली सरांनी कार्यकारणभाव शिकवला. दौलतराव येऊन बसले आणि त्यांनी सरांना विचारलं, पेरलं म्हणून उगवतं का उगवतं म्हणून पेरतात? सर इतके खूश झाले की जेवायचं विसरले. पोपटीनं घरून डाळ-पकवान आणलं होतं, ते आम्ही तोवर संपवलं.

एस. वाय.च्या निकालात तर्कशास्त्राच्या पेपरात सुदामभाऊंना अंजनाताईपेक्षा जास्त गुण पडले. झोपलेल्या माणसाला! ती तणतणत होती. "मीच शिकवलं, माझ्याच भाकऱ्या खाल्ल्या, आणि वर मलाच मागे टाकलं." सुदामभाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणजे शिकवणारी चांगली आहे. हे अनुमान बरोबर आहे की नाही?" ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं असावं.

टी. वाय.ला पोपटीचं लग्न झालं, कॅम्प चारमध्येच. सासूनं परीक्षेला स्वतः डबा दिला. एकोणनव्वदला आम्ही आठही जण पास झालो. अंजनाताईला फर्स्ट क्लास मिळाला, यावेळी नवऱ्याच्या बरीच पुढे. मग ती थांबलीच नाही. बाहेरून एम. ए. केलं, बी. एड. केलं, आणि त्र्याण्णव साली बदलापूरच्या मुलींच्या एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागली. सुदामभाऊंनी पुढे शिक्षण केलं नाही. कंपनीतल्या युनियनचे ते सेक्रेटरी झाले, आणि वाटाघाटीला त्यांच्यासमोर बसायला मॅनेजर मंडळी बिचकायची. महिपती बँकेत लागला.

शहाण्णवमध्ये अंजनाताईनं बदलापूरलाच, खरवईला नव्या इमारतीत घर घेतलं. आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं, सरांनाही. तेव्हा ते निवृत्तीला आले होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि गंगूबाईनं तो विषय अजून सोडलेला नव्हता. जेवणं झाली, गच्चीवर गप्पा झाल्या, समोर मलंगगडामागे ऊन उतरलं. निघताना सर चपला घालत म्हणाले, "अंजनाबाई, तुमच्या वर्गात एकदा येऊन बसलं तर चालेल का?"

ती म्हणाली, "सर, थट्टा करू नका."

पण ते खरंच गेले, पुढच्याच मंगळवारी. मागच्या बाकावर, दोन मुलींच्या मध्ये अंग चोरून बसले. मुलींना वाटलं तपासणीचे साहेब आलेत, त्यामुळे टाचणी पडली तर ऐकू यावी इतका वर्ग शांत. अंजनाताई सांगते, सुरुवातीला फळ्यावर 'विधान' हा शब्द दोनदा चुकला. मग खरवईचीच तुळशी नावाची एक मुलगी उभी राहून तिच्याशी वाद घालायला लागली, आणि त्या वादात सर वर्गात आहेत हेच ती विसरली. हातवारे करत, वर्गभर फिरत तिनं तास घेतला. घंटा झाली तेव्हाच तिला आठवलं.

मुली बाहेर पडल्या. सर बसल्या जागी होते. त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"बाई, मला एक शंका आहे," ते म्हणाले.

"विचारा ना," म्हणत अंजनाताई त्यांच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन उभे राहिले तरी दोघं उठायचं नाव घेईनात.